रुईची भुतं

"हॅलो?... हॅलो! कोन गेलं?... अवं, कोन गेलं ते आधी सांग मले!"

रुख्मिणीने रिसीव्हर उलटा धरला होता. धर्मपालभाऊंनी तो तिच्या हातातून हळूच घेतला, सुलटा केला आणि पुन्हा तिच्या कानाला लावून दिला. अमरावतीच्या त्या जिनात, कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कारकुनी करता करता धर्मपालभाऊंनी या टेबलावर पुष्कळ फोन घेतले होते, पण 'अकोल्याहून ट्रंक कॉल, किसनराव फिटरच्या घरून कोणी बोलवा' असा फोन पहिलाच. निरोप गेला तेव्हा रुख्मिणी आवारातल्याच आपल्या खोलीत भाकरी थापत होती. ट्रंक कॉल म्हटल्यावर तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिच्या लेखी तार आणि ट्रंक कॉल कोणी मेल्याशिवाय येतच नसत. पिठाच्या हातांनी ती अख्खं आवार पळत आली होती, आणि आता काळ्याभोर रिसीव्हरवर तिची बोटं पांढरी उमटली होती.

"हाव, आता आयकू येऊन राहिलं... वच्छे? तूच ना व?... मंग ललिता? ललिताले काय झालं?... काईच नाई?... खेळून राहिली? तुनं पाह्यलं, डोळ्यानं?... आत्ता?... बरं. बरं बाप्पा."

ती मटकन स्टुलावर बसली. वच्छला तिची धाकटी बहीण. अकोल्याला प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, लग्न केलं नव्हतं, आणि बहिणीच्या पोरीवर तिचा पोटच्या पोरीसारखा जीव होता. आठ दिवसांपूर्वीच आठ वर्षांची ललिता मावशीकडे भुलाबाई खेळायला म्हणून गेली होती. रुख्मिणी पाठवायला तयार नव्हती. रुख्मिणी कशालाच तयार नसायची. पोरीला झोका नको, चिंच नको, विहिरीवर नको, वाऱ्यात नको. किसनराव म्हणत, "हिच्या भेवानं घरातली पाल पण दबकून चालते." शेवटी तेच पोरीला नेऊन सोडून आले.

"मंग फोन कशाले केला? माहा जीव घेतला ना व तुनं... हं... हाव, मालूम हाये, आज कोजागिरी, भुलाबाईचा शेवटचा दिवस... काय म्हनलं? भुताची?... अवं भुलाबाईत भुतं कोठून आली?... कोन मेमसाहेब?... मिशनच्या दवाखान्यातली?"

पलीकडून वच्छला भरभर सांगत होती, आणि रुख्मिणीच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून वर चढत होत्या. त्या मेमसाहेबांच्या मुलखात म्हणे याच दिवसांत पोरं भुतांची सोंगं घेतात, हातात दिवे घेतात आणि घरोघर जाऊन खाऊ मागतात. मेमसाहेब शाळेत दुधाच्या भुकटीची पोती द्यायला आल्या असताना त्यांनी हे सांगितलं, आणि वच्छलेच्या डोक्यात तिथंच किडा वळवळला. आपली पोरं भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जातातच की! खिरापत ओळखतात, खातात. मग यंदा सोंगं घेऊन गेली तर काय बिघडलं? शाळेच्या पटांगणात भुलाबाई मांडायची, भुतं नाचवायची, मग गल्लीतून मिरवणूक. मेमसाहेब स्वतः पाहायला येणार. हेडमास्तरांनी तर खुशीत येऊन शाळेचा फोनही वापरायला दिला.

"आयकलं, आयकलं... छान हाये... नाई वं, मी कावून तोंड वाकडं करू? तुले फोनमधून दिसते का माहं तोंड?... बरं, पन मले एक सांग. पटांगनात ते विहीर हाये ना, तिच्यावर काय टाकलं?... फळ्या? फळ्या हालतात व. वरून पोतं टाक, आन तथी कोनाले तरी बसव. मोठ्या मानसाले... हाव. आन मखर कशाचं केलं? धांड्याचं? ज्वारीचे धांडे वावरातून तसेच आनले का झटकून आनले?... हसू नोको! धांड्यात इच्चू राह्यते. मोर्शीच्या आपल्या जमुनाले डसला होता का नाई?... मंग?"

तिने एवढ्यात पदराने कपाळ पुसलं. भीती कमी झाली होती. आता नेहमीची काळजी सुरू झाली होती, आणि तिच्यात रुख्मिणीला घरच्यासारखं वाटे.

"लहान पोट्ट्याईले अंधारात उभं नोको करजो. दचकले म्हंजे चार दिस ताप भरते... काय? तूच भूत होनार? तू मास्तरीन हायेस का कोन हायेस!... हं... हं... अवं आयक, मले बोलू तं दे... खिरापत काय केली?... दुधाच्या भुकटीचे पेढे? अवं ते तर पयले ओळखन! शाळंत रोज तेच पितात. कोनालेच ओळखू नाई आली पाह्यजे अशी कर. कवठाची चटनी कर न गुळाची. डब्बा हालवला तरी वाजत नाई ते... हाव! पाह्य, ओळखतेच कोन तं!"

धर्मपालभाऊ हसले. त्यांच्याही पोरी लहानपणी गल्लीतल्या मैत्रिणींसंगं भुलाबाईला जात. त्यांनी खातेवही मिटली आणि खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. बाहेर हंगामातल्या पहिल्यावहिल्या कापसाच्या बैलगाड्या फाटकातून आत येत होत्या, आणि फाटकावरचा पहारेकरी प्रत्येक गाडीवानाची काडेपेटी, चिलीम, विड्या काढून घेऊन डब्यात टाकत होता.

"दिवे कशात?... कोहळ्यात? पोखरलेल्या?... डोळे कोरून?... अवं बाई, कोहळं मेहनतीनं पिकते, त्याची भाजी खाची का डोळे फोडाचे!... नाई, छान दिसत असन, मी कोठी नाई म्हनतो. पन दिवा मातीचा का चिमनी?... तेलाचा. हातात धरन पोट्टे?... सारेच? एकवीस दिवे? वच्छे, हात भाजन कोनाचा तरी. मोठ्या पोरीच्याच हातात देजो. ललिताले नोको देऊ. ते धावते... रडली तं रडू दे!"

आणि मग वच्छलेने फोन ज्यासाठी केला होता ते विचारलं. साधाच प्रश्न होता.

"खळ? हाव, सोपी हाये. मैदा घे, थंड पान्यात कालव, मंग चुलीवर ठेवून हालवत राह्य. गुठळी नाई झाली पाह्यजे... हं... पातळच ठेव... डिंकानं नाई चिकटून राहिलं? काय चिकटवून राहिली तू?"

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"काय?"

"कोनती रुई?"

"मी धाडलेली?"

धर्मपालभाऊंनी वळून पाहिलं. रुख्मिणीचा आवाज एकदम खाली गेला होता, जणू फोनमध्ये बोलायचं आहे हेच ती विसरली होती.

ती रुई तिनेच पाठवली होती. ललितासोबत, दोन उशांच्या खोळी गच्च भरून, ताजी पिंजलेली, सरकीचा कण नसलेली पांढरीफेक रुई. 'लेकरांसाठी थोडी स्वच्छ रुई धाड' असं वच्छलेचं पत्र आलं होतं. लेकरांना बसायला गाद्या करायच्या असतील असं समजून रुख्मिणीने किसनरावांमागे लागून, शेटजींना विचारून ती मिळवली होती. जिनात राहणाऱ्या बाईला कोणी काही मागितलं की ती रुईच देणार. बाळंतिणीला रुई, नवरीच्या गादीला रुई. तिने विचारलंसुद्धा नाही की कशाला.

"अंगभर?... बनियनवर चिकटवली?... डोक्यावर पन? दाढ्या?... किती पोट्टे?... ललितावर पन?... वच्छे, आयक. आयक. आयक माहं. काढ ते... नाई, नाई, खळ नोको. खळ-बिळ काई नोको. काढून टाक सारं... अवं, तू रुईची भुतं करून राहिली आन त्याइच्या हातात दिवे देऊन राहिली! तुले समजून राहिलं का काई?"

वच्छलेला समजत नव्हतं. ती तिकडे हसत होती. रुख्मिणीला ते हसू ऐकू येत होतं. आयुष्यभर तिने प्रत्येक गोष्टीला नको नको म्हटलं होतं. विहिरीला, विंचवाला, झोक्याला, सगळ्याला एकाच आवाजात. आता खरोखरीचं नको म्हणायची वेळ आली, तर त्या नकोला कोण विचारणार? आपल्याच भेकडपणाने आपली जीभ बोथट करून ठेवली, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं आणि स्वतःचाच संताप आला.

"हसू नोको! हे विहिरीवानी नाई, हे अलग हाये... अवं, मी जिनात राह्यतो. इथी फाटकावर काडेपेटी काढून घेतात, ते का उगीच?... रुईले जाळ लागत नाई व, रुईवरून जाळ पयते. पाहता पाहता इकडून तिकडे. तोंडातून हाक निघाच्या आधी... दूर धरन? आठ वर्साचं लेकरू दिवा दूर धरन? नाचताना?... एकवीस लेकरं एकमेकाइले चिकटून... आन पाठीमागे धांड्याचं मखर!"

"हॅलो?... कोन?... एक्स्चेंजच्या बाई? हो, बोलतो हाये, मधात कापू नका. तीन मिनिटं?... झाली तं होऊ द्या, आनखी द्या. अकोल्याच्या बाई, तुमीच सांगा तिकडून तिले, वाढवून घे म्हनावं... हॅलो? वच्छे? हायेस ना?... हाव म्हन त्या बाईले. वाढव."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. हा फोन सुटला तर दुसरा लागायला तीन-तीन तास लागतात, हे तिला माहीत होतं. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. अकोल्याची गाडी साडेपाचला. ती धरली तरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असणार. जे काही करायचं ते या तारेवरूनच करायला हवं होतं.

"काय म्हनलं?... तालमीसाठी दिवे आत्ताच लावले?... बादल्या भरून ठेवल्या? बादलीनं काय होते!... मेमसाहेब येनार हाये तं येऊ दे. त्याइच्या मुलखात रुई लावतात का अंगाले? इचार त्याइले!... मी तुही मजा मोडून राहिली?... हाव, मोडतो. मोडतो मी... नाई, ठेवू नोको! वच्छे, ठेवू नोको फोन! तुले मायची आन हाये!"

मायची आण तोंडातून गेली आणि रुख्मिणी स्वतःच दचकली.

पंचवीस वर्षांत त्या दोघी बहिणींमध्ये मायचं नाव फारसं निघालं नव्हतं. माय, पार्वताबाई, तापाने गेली. वच्छलेला एवढंच माहीत होतं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. बारा वर्षांच्या रुख्मिणीला मात्र सगळं माहीत होतं, आणि बापाने, वामनरावांनी, तिला मायच्या पिंडाशेजारी उभं करून सांगितलं होतं की हे धाकटीला कधी कळता कामा नये.

तेल्हाऱ्याच्या जिनात पार्वताबाई रुई उचलायला जायची. तिथल्या सगळ्या बायांची एक रीत होती. घरी आलं की उंबऱ्याबाहेर थांबायचं, लुगडं झटकायचं, डोकं झटकायचं, हातापायांवरची रुई झाडायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. चुलीची, दिव्याची धास्ती सगळ्यांनाच होती. पार्वताबाई एक दिवस ती रीत चुकली नाही. फक्त त्या दिवशी चुकली. भुलाबाईचा शेवटचा दिवस, हंगामाची सुरुवात, तिला यायला उशीर झालेला. गल्लीतल्या पोरी गाणी म्हणायला येऊन उभ्या होत्या आणि दिवा लावलेला नव्हता. पाच वर्षांच्या वच्छीने धावत जाऊन उंबऱ्याबाहेरच तिचं बोट धरलं. 'माय, आधी दिवा लाव. आधी दिवा!' माय हसली आणि पोरीने ओढली तशी, डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी, आत गेली. रुख्मिणी दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. कळशी हातात होती आणि तरी काही करता आलं नाही, एवढ्या लवकर ते झालं.

त्या रात्रीच वच्छीला मावशीने हिवरखेडला नेलं. पोर काही दिवस बोललीच नाही, आणि बोलायला लागली तेव्हा सारं विसरून गेली होती. तिला विसरू द्यायचं, हे घराने ठरवलं. रुख्मिणीने तर आपलं सगळं आयुष्य त्या विसरण्यावर पहारा करण्यात घालवलं. आता तोच पहारा तिला मोडायचा होता, आणि समोर धर्मपालभाऊ उभे होते, आणि तारेवर कुठली तरी परकी बाई ऐकत होती.

"वच्छे... आयक. बस कोठीतरी... खुर्ची हाये का तथी? बस. हेडमास्तराईले म्हन जरा भाईर जा... नाई, मी रागावली नाई. बसली?"

धर्मपालभाऊ शहाणा माणूस. ते आपणहून बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं.

"माय तापानं नाई गेली."

"...हाव. मी म्हनत होती तापानं. बाबा पन म्हनत होते. खोटं होतं ते... माय जळून गेली, वच्छे. रुईनं. अंगाले रुई होती तिच्या, जिनातून आली होती. भुलाबाईचा दिवा लावाले वाकली... आजच्याच दिवशी... हाव... एवढा एवढासा दिवा होता व. बोटभर वात. पदराची रुई पेटली आन मंग केसाची. मी पान्याची कळशी घेऊन दारात होती. दारात! पाच पावलं पन नसन. कळशी ओतली मी... पन ओतून काय, तवर..."

पिठाचा हात तिने तोंडावर दाबला. पलीकडून नुसती तारेची घरघर येत होती.

"वच्छे?... हॅलो?... हायेस का?... बोल व काईतरी... रडू नोको. मंग रडजो. रात्रभर रड, मी गाडीनं येतो, दोघी मिळून रडू. पन आता उठ. आधी दिवे विझव. आधी दिवे, मंग रुई. समजलं?... मी धरून बसतो फोन. जाय. धाव!"

रिसीव्हर तिकडे टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग वच्छलेचा आवाज, लांबून, मास्तरणीचा. मग पोरांचा गलका. काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं. रुख्मिणी कान फोनमध्ये घुसवून बसली होती. तिने देवाला नवस बोलला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. ती फक्त मोजत होती. एक लेकरू, दोन लेकरं. मनातल्या मनात एकेकाच्या अंगावरची रुई ओढून काढत होती.

"हो बाई, चालू हाये... नाई, कोनी बोलून नाई राहिलं, पन चालू हाये. तोडू नका. तुमच्या पाया पडतो... काय?... तुमी आयकलं?... हाव. माहीच माय... देव भलं करो तुमचं, राहू द्या चालू."

खिडकीबाहेर एका गाडीचे बैल सोडले होते. एक बाई टोपलं डोक्यावर घेऊन चालली होती आणि तिच्या केसांत रुई अडकली होती. रुख्मिणीने तिकडून नजर काढून घेतली.

"हॅलो?... कोन? ललिता? माही बाय!... हाव, माय बोलून राहिली. अंगावर काय हाये तुह्या?... काढली सारी? डोक्यावरची पन? पाह्य बरं हात लावून, मानंमागं... नाई ना? बरं... अन दिवे?... विझवले, मावशीनं स्वतः?... रडू नोको, माहे बाई. मजा कशी नाई? आयक, भूत कराले रुईच लागते का? तोंडाले पीठ चोप. राख चोप. डोळ्याभवती काजळाचे गोल काढ, मावशीले म्हन जाड काढ. मले पाह्य, माह्या तोंडाले आता पीठ हाये, इथले भाऊ भिऊन भाईर पयाले!... हसली ना? हाव!... कोहळ्यात काय ठेवाचं? हेडमास्तराची बॅटरी ठेव. एकाच कोहळ्यात ठेवा, आन ते कोहळं मधात ठेवा. बाकी आज एवढी मोठी पुनव हाये, दिव्याचं काय काम? चांदण्यात भुतं जास्त भेव दाखवतात... भुलाबाईचा दिवा उंच कोनाड्यात, मोठ्या बाईच्या हातानं. तू जवळ नाई जाचं. मले वचन दे... दिलं?... अन खिरापत काय हाये ते मले मालूम हाये. नाई सांगत! ओळख तूच... मावशीले दे फोन. दे, माही गुनाची."

तिने भिंतीला डोकं टेकवलं. आता ओठांवर हसू होतं. लेकरं वाचली होती. कोणाला कधी कळणारही नव्हतं की ती वाचली. मेमसाहेब येतील, पिठाची भुतं पाहतील, टाळ्या वाजवून जातील, आणि तेच चांगलं होतं.

"हं, वच्छे... सारी काढली ना?... कोठी ठेवली? खोलीत? कुलूप लाव. मी आली की घेऊन जातो... हाव, येतो मी, साडेपाचच्या गाडीनं. घरी ह्याइले सांगतो... चूप. चूप, बाई. तुले मालूम नोतं, तुही काय चुकी? रुई तं मीच धाडली ना... हाव, सांगाले पाह्यजे होतं. पन बाबानं... काय?"

रुख्मिणीची मान भिंतीपासून सरळ झाली.

"अंग झटकलं नाई? नाई, नाई झटकलं त्या दिवशी... रोज झटके, हाव. तुले कसं मालूम?... साऱ्या बाया करतात, हाव... घाई होती तिले... कशाची म्हंजे? दिव्याची. पोरी येऊन उभ्या होत्या ना गान्याले."

तिकडून प्रश्न आला. तो येणार हे तिला पंचवीस वर्षं माहीत होतं. फक्त तो असा, दुपारी, जिनाच्या कचेरीत, तारेवरून येईल हे माहीत नव्हतं. उत्तर द्यायला तिला क्षणभरही लागला नाही. ते कधीपासून तोंडात तयारच असावं.

"मी म्हनलं. आधी दिवा लाव म्हनून... मीच. बारा वर्साची होती, अक्कल नोती. उंबऱ्याभाईर तिचं बोट धरलं आन ओढत आत नेलं... हाव. मी... मंग, म्हनूनच तं मी अशी झाली. साऱ्याले भेतो... रागव. पाह्यजे तं बोलू नोको माह्यासंगं. तुहा हक हाये. पन गाडीवर ये मले घ्याले, नाई तं कोनाले तरी धाड... काय म्हनलं?"

"बोट?"

"कोनाचं बोट?... रुई लागलेलं?... तुह्या हातात?"

रुख्मिणीचे डोळे भरून आले, पण आवाज तिने हलू दिला नाही. आठ वर्षांच्या ललिताला निजवताना लावायची तोच आवाज तिने लावला.

"नाई वं. सपन असन ते. लहान लेकराले असे सपनं पडतात... तू कोठून राह्यशीन तथी? तू झोपली होती. आतल्या खोलीत, घोंगडीवर. मीच निजवलं होतं तुले... मी सांगून राहिली ना! मी होती तथी, तू नोती. बोट मी धरलं होतं. तू झोपली होती, वच्छे... हॅलो?... हॅलो?"

खट्ट असा आवाज झाला आणि घरघर थांबली.

"तू झोपली होती," रुख्मिणी त्या मुक्या फोनमध्ये आणखी एकदा म्हणाली.

"हॅलो?... हो बाई... तुटला?... नाई, नोको, पुन्हा नोका लावू. झालं बोलून आमचं."

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. त्याच्यावर तिच्या पाच बोटांचं पीठ तसंच होतं. तिने ते पदराने नीट पुसलं, धर्मपालभाऊंना दारातूनच रामराम केला आणि गाडीची वेळ गाठायला खोलीकडे निघाली.